रोज १०० टक्के चार्ज, बीडचा उन्हाळा आणि २८५ वरून २६० वर आलेली रेंज: बॅटरी खरंच उतरली का?

बिंदुसरा_बीड

नमस्कार मंडळी. माझी इलेक्ट्रिक गाडी ४०.५ युनिटच्या बॅटरीची आहे, सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), पॅकला कूलंटचं कूलिंग. नवी होती तेव्हा १०० टक्क्यांला स्क्रीनवर २८५ किलोमीटर दाखवायची. आता दोन वर्षं होत आली. एप्रिल लागल्यापासून २६० च्या वर जाईना गेलीय. चालवणारा तोच, रस्ते तेच.

वापर असा आहे: रोज ४०-५० किलोमीटर, बीड शहर आणि आसपासची गावं. रात्री घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावतो, सकाळी १०० टक्के. दिवसभर गाडी ऑफिससमोर पत्र्याच्या शेडखाली उभी. अधूनमधून संभाजीनगरला जाणं होतं, तिथं फास्ट चार्जिंग.

विचारायचं हे की, ही २५ किलोमीटरची घट बॅटरीचीच समजायची का? वॉरंटीचं काही बघावं का? दुसरं, शोरूमवाले म्हणायलेत रोज फुल करा, आणि ग्रुपवरचे लोक म्हणायलेत ८० च्या वर नेऊच नका. एलएफपीला यातलं नेमकं काय लागू पडतं? आणि फुल चार्ज गाडी ४३ डिग्रीत पत्र्याखाली उभी राहिली तर कितपत बिघडतं?

अंदाजपंचे नको, आकड्यांत सांगितलं तर बरं होईल.

खामकाठ

आधी एक गोष्ट वेगळी काढू. स्क्रीनवरचा किलोमीटरचा आकडा म्हणजे बॅटरीची मोजणी नव्हे, तो अंदाज आहे. बॅटरीत शिल्लक वीज भागिले गेल्या काही किलोमीटरमधला तुमचा सरासरी वापर, एवढंच गणित गाडी करते. उन्हाळ्यात वापर वाढला की सेल जसेच्या तसे असूनही आकडा खाली येतो.

एसीचं बघा. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर पहिली काही मिनिटं एसी अडीच-तीन किलोवॅट ओढतो, आतलं गार झालं की एक-सव्वा किलोवॅटवर स्थिरावतो. शहरात सरासरी वेग २५ धरला तर तासाला १.२ युनिट म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ ५० वॅट-अवर नुसते एसीला गेले. हायवेला ८० ने चालताना तोच एसी किलोमीटरमागे १५ वॅट-अवर घेतो. म्हणून गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्याची रेंज एप्रिल-मेमध्ये जास्त पडलेली दिसते.

आता बॅटरी मोजायची कशी ते सांगतो. यासाठी वर्कशॉपला जायची गरज नाही.

चार्जिंगच्या सॉकेटच्या आधी एक सब-मीटर बसवून घ्या, पॅनलमध्ये पट्टीवर बसणारा साधा एनर्जी मीटर चालतो. गाडी चालवत २० टक्क्यांवर आणा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावा आणि २० ते १०० एका दमात होऊ द्या. मध्ये गाडीत बसून एसी, गाणी काही नाही. स्क्रीनवर १०० दिसलं की लगेच मीटरचं रीडिंग घ्या, सकाळी उठून नको. कारण १०० नंतरही सेल सारखे करायला थोडी वीज जात राहते आणि हिशेब फुगतो.

मीटरवर आलेले युनिट गुणिले ०.८८, भागिले ०.८. हा तुमच्या पॅकचा आजचा आकडा. ०.८८ कशासाठी? भिंतीतून निघालेली सगळी वीज सेलमध्ये पोहोचत नाही. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर घरच्या अल्टरनेटिंग करंटचा डीसी करताना तापतो, कूलंटचा पंप चालतो, १२ व्होल्टची बॅटरी भरली जाते. ३.३ किलोवॅटवर १० ते १४ टक्के यात जातात. त्यामुळे उत्तरात दोन टक्के इकडेतिकडे होणार हे धरून चाला. ५० ते १०० मोजून दुप्पट करू नका, चूकही दुप्पट होते.

ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी-पोर्टला लावायचं छोटं यंत्र) लावून ॲपमध्ये एसओएच, म्हणजे बॅटरीची तब्येत, बघणारे खूप आहेत. डोंगल जरूर घ्या, पण त्यातला एसओएचचा टक्का हा बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेने) स्वतः काढलेला अंदाज असतो आणि काही गाड्यांत तो कितीतरी काळ १०० वरून हलतच नाही. त्यापेक्षा सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलचं व्होल्टेज बघणं जास्त उपयोगाचं.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. आणि मूळचे टायर काढून दुसरे टाकले असतील तर तेही लिहा. कमी घर्षणाचे टायर जाऊन साधे आले की पाचेक टक्के रेंज तिथंच जाते आणि लोक बॅटरीला बोल लावतात.

मांजराकाठ

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तिथं दोन वेगवेगळ्या रसायनांचे सल्ले एकमेकांत मिसळून गेलेत.

८० टक्क्यांचा नियम आला एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलवरून. तो सेल भरला की ४.२ व्होल्टला जातो. एवढ्या व्होल्टेजला आतलं इलेक्ट्रोलाइट धन बाजूला हळूहळू जळू लागतं. एलएफपी सेल ३.६५ व्होल्टला भरतो आणि चार्जर काढल्यावर ३.३५-३.४ वर येऊन बसतो. ती जळण्याची भानगड इथं जवळजवळ नाही. म्हणून एलएफपीला फुल चालतं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरंय.

शोरूमवाले फुल करा म्हणतात त्यामागचं कारण मात्र सेलचं आयुष्य नव्हे, मोजमाप आहे. एलएफपीचं व्होल्टेज ३० ते ९० टक्क्यांच्या मधे जवळपास सपाट असतं, ३.२५ ते ३.३३ च्या आतबाहेर. एवढ्याशा फरकावरून ५५ टक्के आहे की ७० हे बीएमएसला सांगता येत नाही. मग तो आत किती अँपिअर गेले आणि बाहेर किती आले याची बेरीज-वजाबाकी ठेवतो. सेन्सरची बारीकशी चूक रोज साठत जाते. गाडी महिनोन्‌महिने ४० ते ८० मध्येच फिरवली तर स्क्रीनवरचे १५ टक्के प्रत्यक्षात ७ असू शकतात, आणि हे कळतं कुठं तर गेवराईच्या पुढं रस्त्यात. १०० ला सेलचं व्होल्टेज एकदम वर उसळतं, तिथं बीएमएसला पक्की खूण सापडते आणि हिशेब नव्याने सुरू होतो.

दुसरं काम बॅलन्सिंगचं. ३२० व्होल्टच्या पॅकमध्ये ओळीने १०० सेल असतात. ४०.५ युनिट भागिले ३२० म्हणजे सुमारे १२६ अँपिअर-अवर. यातला एक जरी सेल बाकीच्यांच्या आधी भरला तर चार्जिंग तिथंच थांबवावं लागतं, उरलेले ९९ थोडे रिकामे राहतात. उतरतानाही तसंच, सगळ्यात आधी संपणारा सेल गाडी थांबवतो. हे सारखं करायला बीएमएस पुढं गेलेल्या सेलची वीज छोट्या रेझिस्टरमधून जाळतो, आणि तो प्रवाह असतो ५० ते १०० मिलिअँपिअर. म्हणजे एका अँपिअर-अवरचा फरक काढायला १० ते २० तास लागतात! एवढ्या फरकाने पॅकची क्षमता ०.८ टक्क्याने अडते. हे काम बहुतेक गाड्यांत वरच्या टोकालाच होतं. तेव्हा फुल करायची ती वेळ आली की १०० दिसताक्षणी चार्जिंगची गन ओढू नका, तास-दोन तास लागलेली राहू द्या.

डोंगलवर काय बघायचं: गाडी उभी, चार्ज ५० च्या आसपास, सेलमधला फरक ५-१० मिलिव्होल्ट असेल तर पॅक उत्तम. मधल्या पट्ट्यात ३०-५० च्या वर सतत दिसला तर नोंद करून सर्व्हिसला दाखवा. ९९-१०० ला चार्ज होताना मात्र १०० मिलिव्होल्टचा फरक दिसला तरी घाबरायचं कारण नाही. तिथं व्होल्टेजचा चढ इतका उभा आहे की कणभर फरकही मोठा दिसतो.

कुंडलिका_जालना

वरचं सगळं बरोबर आहे, पण त्यातून कुणी असा अर्थ काढू नये की एलएफपी रोज फुल करून ठेवली तरी तिला काहीच होत नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली एलएफपी सेल वेगवेगळ्या चार्ज-पट्ट्यांत फिरवून बघितले. सरासरी चार्ज जितका वर, तितकी क्षमता लवकर घटते, असंच निघालं. धन बाजू शांत असली तरी ऋण बाजूला ग्रॅफाइटच आहे. भरलेल्या ग्रॅफाइटवरचा थर इलेक्ट्रोलाइटशी झटापट करत जाड होत राहतो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. ही क्रिया तापमानाबरोबर वाढते. ढोबळ नियम असा की दर १० अंशाला वेग दुप्पट.

बीडकरांचा हिशेब करून बघू. रोजचे ४५ किलोमीटर धरले तर वर्षाला साडेसोळा हजारांच्या आत-बाहेर. किलोमीटरला १४८ वॅट-अवरने सुमारे २४०० युनिट, म्हणजे वर्षाला ६०-६५ पूर्ण सायकल (एक सायकल म्हणजे पॅकभर वीज भरून वापरणं). एलएफपी सेल हजारोंच्या घरातल्या सायकल सोसतो. तुमची बॅटरी चालवून झिजायला वीस वर्षंही कमी पडतील. ती झिजणार ती उभी राहून. चोवीस तासांतले बावीस तास ती कुठं, किती तापमानात आणि किती टक्क्यांवर उभी असते, सगळा प्रश्न तेवढाच आहे.

म्हणून फुल करण्याला माझा विरोध नाही. फुल होऊन तापत पडण्याला आहे.

तुमची सध्याची पद्धत घ्या. रात्री दहाला गाडी लावली, ८३ वरून १०० व्हायला अडीच तास, साडेबाराला फुल. सकाळी दहा किलोमीटर चालून ऑफिसला, ९६ टक्क्यांवर दिवसभर पत्र्याखाली. म्हणजे मार्च ते जून बॅटरी जवळजवळ अखंड ८५ ते १०० मध्ये आणि गरम. रोजचा वापर १७ टक्के असताना याची गरज काय? ३५-४० पर्यंत उतरू द्या, मग ७५-८० पर्यंत भरा, पुन्हा दोन दिवस बघू नका. आठवड्यातून एकदा १०० करा. टेस्लाच्या पुस्तिकेतही एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा तरी १०० करायला सांगितलंय. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा अवधी दिला असेल तर तो पाळा, वॉरंटीच्या वेळी तेच पान पुढं येतं. हे १०० शक्यतो लांब जायच्या पहाटे पूर्ण होईल असं लावा, म्हणजे फुल झाली की लगेच उतरायला लागते.

पत्र्याचं शेड: मे महिन्यात दुपारचा पत्रा हात लावू देत नाही आणि ती धग खाली मारते. उघड्या उन्हापेक्षा बरं, पण लिंबाच्या सावलीची सर नाही. शेड बदलणं हातात नसेल तर पत्र्याखाली फूटभर खाली ग्रीन नेट ताणून घ्या, मधून वारा खेळला पाहिजे. गाडीला कव्हर घालून उन्हात ठेवू नका. आणि डांबरापेक्षा मातीवर किंवा फरशीवर लावा, पॅक तळाला आहे, खालची धग त्यालाच लागते. एक दिलासा आहे. पॅक पावणेतीनशे-तीनशे किलोचा असतो, तो हवेइतका झटपट तापत नाही. ४३ च्या दुपारी पॅक बहुधा ३५-३८ ला असतो. पण रात्री २७-२८ च्या खाली पारा उतरतच नाही त्या दिवसांत तो गारही होत नाही.

एक घाटाचं. गाडी १०० टक्के असताना रिजन ब्रेकिंग (वेग कमी करताना वीज परत बॅटरीत भरणं) बंद किंवा अगदी कमी असतं, वीज घ्यायला जागाच नसते. नेकनूरकडून मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला येणाऱ्यांनी घरून ९० वरच निघावं. १६०० किलोच्या गाडीला १०० मीटर उंचीमागे जवळपास अर्धा युनिट लागतो, उतारावर त्यातलं अर्ध्याच्या वर परत मिळतं. फुल असेल तर ते सगळं ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जातं, आणि पायाला सवय असलेली गाडी नेहमीसारखी आवरत नाही.

वायरिंग_परभणी

बॅटरीवर मोठी माणसं बोललीत, मी भिंतीकडचं बोलतो. कारण सॉकेटची घाण खूप ठिकाणी बघायला मिळते आणि आग तिथनंच लागते.

१५ अँपिअरचं घरगुती सॉकेट गिझरसाठी असतं, अर्धा तास चालून बंद होणाऱ्या वस्तूसाठी. गाडी त्यातून १४-१५ अँपिअर सात-आठ तास सलग ओढते. मागचा स्क्रू जरा सैल असला तरी तिथं उष्णता साठते, पितळ मऊ पडतं, पकड अजून सैल होते, अजून तापतं. चार्जिंग सुरू होऊन तासाभराने सॉकेटला हात लावा. कोमट चालेल. हात ठेवता येईना किंवा प्लगच्या पायाशी पिवळट-तपकिरी डाग दिसला तर त्याच दिवशी बदला.

नीट करायचं तर मीटरपासून वेगळी लाइन ओढा, दुसरा एकही पॉइंट त्यावर नको. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा), आणि प्लगला जुळणारं इंडस्ट्रियल सॉकेट. प्लग घरगुती तीन पिनचा असेल तर चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं आयएसआय सॉकेट, पण एक्स्टेंशन बोर्ड कधीच नाही. आपल्याकडं लाइट गेली की परत येताना झटका देते, म्हणून पॅनलमध्ये टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर बसवा.

अर्थिंग. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, मुरमात तर ओल राहतच नाही, आणि पावसाळ्यात बरोबर चालणारं अर्थिंग मेमध्ये हात वर करतं. मग चार्जरवर लाल दिवा येतो आणि लोक चार्जर बदलायला धावतात. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा, लोड चालू असताना. २-३ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर खड्ड्यात पाणी सोडून पुन्हा मोजा. उतरलं तर दुखणं अर्थिंगचंच. कोळसा-मिठाचा खड्डा नव्याने भरा किंवा केमिकल अर्थिंग करून घ्या. इन्व्हर्टर-जनरेटरवर चार्जर चालत नाही त्याचंही कारण बहुतेक हेच असतं, न्यूट्रल अर्थला बांधलेलं नसतं.

व्होल्टेज संध्याकाळी सात ते दहा १८५-१९० पर्यंत पडतं अशा गावात रात्री बारानंतर लावा. कमी व्होल्टेजवर चार्जर एकतर पॉवर कमी करतो नाहीतर ट्रिप होतो. आणि शेतीपंपाच्या लाइनवर गाडी लावायचा विचारही करू नका, ते कनेक्शन त्या वापराचं नाही आणि तिथलं व्होल्टेजही भरवशाचं नसतं.

चार्जिंग थांबवायचं असेल तर आधी गाडीतून किंवा ॲपवरून थांबवा, मग प्लग काढा. चालू लोडवर प्लग ओढला की ठिणगी पडते, पिना खराब होतात.

बिंदुसरा_बीड

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सब-मीटर लावून मोजलं: २० ते १०० ला ३५.० युनिट. चार चाकांत हवा २७-२८, स्टिकरवर ३३ लिहिलंय. टायर मूळचेच. सॉकेट कोमट, डाग नाही. अर्थ-न्यूट्रल १.८ व्होल्ट.

अजून दोन शंका. माझ्या गाडीत ८० ला थांबवायची सोयच नाही, मग कसं करायचं? आणि संभाजीनगरला दुपारी ६० किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर २२-२५ च्या वर जाईना गेलं. हे बॅटरी उतरल्याचं लक्षण म्हणायचं का?

खामकाठ

३५ गुणिले ०.८८ म्हणजे ३०.८, भागिले ०.८ म्हणजे ३८.५ युनिट. ४०.५ च्या ९५ टक्के. दोन टक्क्यांची चूक धरली तरी ९३ ते ९७.

आता बघा: २८५ किलोमीटर ४०.५ युनिटमध्ये म्हणजे किलोमीटरला १४२ वॅट-अवर. आज २६० किलोमीटर ३८.५ मध्ये म्हणजे १४८. तुमच्या एकूण ९ टक्के घटीतले ५ बॅटरीचे, ४ वापराचे. त्या चारात एसी आहे आणि पाच पौंड कमी हवाही आहे, ती आजच भरा. बॅटरीचे पाच टक्के काळजीचे नाहीत. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत ३ ते ५ टक्के पटकन जातात, ग्रॅफाइटवरचा तो थर बसताना लिथियम खातो. पुढं उतार मंदावतो. वॉरंटीच्या उंबरठ्यापासून तुम्ही बरेच लांब आहात. मोजणी मात्र दर सहा महिन्यांनी, त्याच सॉकेटवर, त्याच पद्धतीने करून वहीत लिहून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा तो कसा हलतोय ते कळणं मोलाचं.

८० ची सोय नसेल तर वेळ मोजून लावा. ३.२ किलोवॅटवर तुमच्या पॅकमध्ये तासाला साधारण ७ टक्के जातात. ४० वरून ७५ करायला पाच तास. ॲपमध्ये चार्जिंग सुरू-बंद करायची वेळ देता येत असेल तर तीच वापरा. बाजारातला प्लगमध्ये खोचायचा टायमर लावू नका, त्याचे कॉन्टॅक्ट १५ अँपिअरवर चिकटून बसतात. लावायचाच तर पॅनलमध्ये टायमर आणि २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच), वायरिंगवाले काकांसारख्या माणसाकडून.

वायरिंग_परभणी

कॉन्टॅक्टर मोड्युलर घ्या, दोन पोलचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. अर्थ कधीच तोडायचं नाही.

मांजराकाठ

फास्ट चार्जरचं माझ्याकडून.

२२-२५ मिळाले म्हणून बॅटरीवर शंका घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. शेजारच्या गनला दुसरी गाडी होती का? दोन गनचे बरेच ६० किलोवॅटचे चार्जर दोन्ही चालू असले की ३०-३० वाटून देतात. दुसरं, तुम्ही लावलं तेव्हा चार्ज किती होता? ७०-८० च्या वर कुठलीही गाडी वेग कमी करते. तिसरं तापमान, आणि आपल्याकडं मेमध्ये बहुधा तेच असतं.

पॅकचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरा. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. घरच्या सॉकेटवर पॅकमध्ये १० अँपिअर जातात, उष्णता १० वॅट. एका झिरो बल्बइतकीही नाही. त्यामुळे घरच्या चार्जिंगने बॅटरी तापते ही भीती सोडा, तापतो तो ऑनबोर्ड चार्जर. फास्ट चार्जिंगला १५० अँपिअर गेले की हीच उष्णता २२५० वॅट होते. पस्तीस मिनिटं हे चाललं आणि कूलिंग नसतं तर तीनशे किलोचा पॅक १५ अंशाने वर गेला असता. बीडहून चालून आलेला पॅक आधीच ४० ला. कूलंट गार करायला एसीचाच कॉम्प्रेसर लागतो आणि बाहेर ४३ असताना त्याचीही दमछाक होते. मग बीएमएस प्रवाह खाली आणतो. तो तुमच्या बॅटरीचं रक्षण करतोय, त्याला करू द्या.

मदत करायची असेल तर आडूळ सोडल्यावर वेग ७०-८० वर ठेवा, पॅक निवत येईल. चार्जर सावलीत असेल असा निवडा. चार्जिंगच्या वेळी गाडीत बसून एसी सोळावर लावू नका, काही गाड्यांत केबिन आणि बॅटरी एकाच कॉम्प्रेसरवर भांडतात. आणि शक्य असेल तर दुपारी बारा ते चार टाळा, सकाळी दहाच्या आत किंवा दिवेलागणीनंतर तोच चार्जर दुप्पट देताना दिसेल.

कुंडलिका_जालना

त्या संभाजीनगर फेरीचाच हिशेब मांडतो, म्हणजे फास्ट चार्जिंग किती हवं ते कळेल.

बीड ते संभाजीनगर गेवराई-शहागड-पाचोडवरून साधारण १३० किलोमीटर, मोठे चढउतार नाहीत. एसी लावून ८० ने किलोमीटरला १३५ वॅट-अवरच्या आसपास, म्हणजे १७.६ युनिट, तुमच्या पॅकचे ४६ टक्के. १०० ने चालवली तर १७० च्या वर, ५८ टक्के. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याला इलाज नाही. समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून १२० धरलात तर किलोमीटरला २२० पर्यंत जाईल आणि १८० किलोमीटरच्या आतच गाडी मोकळी होईल.

पहाटे घरून १०० टक्क्यांवर निघा, वेग ८०-८५ धरा, शहरात ५३-५४ टक्क्यांवर पोहोचाल. गावातली कामं करून ४७. परतीला ४६ लागणार, वर १५ हाताशी हवे, म्हणजे ६१. वारा समोरून असला किंवा उशीर झाला तर म्हणून ७० करा. २३ टक्के म्हणजे ९ युनिट, तापलेल्या गाडीला २५ किलोवॅट मिळाले तरी वीस-बावीस मिनिटं. ९०-१०० पर्यंत तिथं थांबून भरण्यात वेळही जातो, पैसेही, आणि शेवटचे टक्के सगळ्यात गरम पॅकमध्ये कोंबले जातात. फुल करायचं ते घरी, रात्री, सावकाश.

घरी परत आल्यावर २०-२५ टक्के असतील. लगेच गन लावू नका, दोन-तीन तास गाडी उभी राहून पॅक निवू द्या. पण तशीच दोन-चार दिवस ठेवूही नका. लग्नसराईत किंवा दिवाळीला गाडी ठेवून पंधरा दिवस बाहेर जाणार असाल तर ५०-६० टक्क्यांवर, प्लग काढून, सावलीत.

आणि या सगळ्यात १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. आपल्या उन्हाळ्यात ती मोठ्या बॅटरीच्या कितीतरी आधी जाते. ती गेली की मेन कॉन्टॅक्टर ओढला जात नाही, पॅक ७० टक्के असूनही गाडी चालू होत नाही आणि माणूस घाबरून टोइंग बोलावतो. दुसरा उन्हाळा संपताना गाडी दोन तास बंद ठेवून बॉनेट उघडून मल्टिमीटरने बघा. लेड-ॲसिड असेल तर १२.६ चांगली, १२.४ ला लक्ष ठेवा, १२.२ च्या खाली दिसली तर बदलून टाका.